प्रोटीएज इन्हिबिटरच्या गोळ्या: बेडकाच्या स्रावासाठी घ्याव्यात का?

बेडकाच्या कातडीच्या स्रावावर काम सुरू करणारे विद्यार्थी मला पहिल्याच आठवड्यात विचारतात, "मॅडम, इन्हिबिटरची गोळी टाकली की झालं ना?" ही गोळी म्हणजे प्रोटीएज, अर्थात प्रथिनं कापणारी एन्झाइम, रोखणाऱ्या रसायनांचं मिश्रण; स्रावातली पेप्टाइड (प्रथिनांसारख्याच पण छोट्या साखळ्या) तुटू नयेत म्हणून ती घालतात. सगळ्यांना तोंडी सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते. डब्यावर 'ईडीटीए-फ्री', म्हणजे धातू ओढून घेणारं ईडीटीए हे रसायन नसलेली, असं छापलेलं असेल तर ती गोळी या कामासाठी घेऊ नका. ईडीटीए असलेली मिळाली तर घ्या, पण तो नमुना मास स्पेक्ट्रोमेट्रीला (रेणूंचं वजन मोजायला) जाणार असेल तर आधी हे पूर्ण वाचा.

मी एका संशोधन संस्थेत प्रथिनांची प्रयोगशाळा सांभाळते. आमच्याकडे झेनोपस लेविस या आफ्रिकन बेडकांची वसाहत आहे. मागच्या पायांना काळी नखं असलेले, पाण्याबाहेर क्वचितच येणारे हे बेडूक मूळचे दक्षिण आफ्रिकेकडचे, पण जगभरच्या प्रयोगशाळांत रुळलेले. त्यांच्या कातडीतून येणाऱ्या पेप्टाइडवर आमच्याकडे बरीच वर्षं काम चालू आहे, आणि ती पेप्टाइड हातात येईपर्यंत अखंड ठेवणं हे माझं काम. म्हणून या गोळ्यांबद्दल मला ठाम मत आहे.

आम्ही एकाच उत्पादकाचे दोन प्रकार वापरले, ईडीटीए असलेला आणि नसलेला. नाव देत नाही, कारण या वर्गातल्या बहुतेक गोळ्यांची घडण सारखीच असते. शर्टाच्या बटणाएवढी पांढरी गोळी, एक गोळी ५० मिलिलिटरसाठी. दोन मिलिलिटर पाण्यात विरघळवली की पंचवीसपट तीव्र द्रावण तयार होतं, ते चार अंशांवर एक-दोन आठवडे चालतं. गोळी लवकर विरघळते, तळाशी गाळ राहत नाही, आणि पावडरी तोलत बसावं लागत नाही. गोळीतलीच ए.ई.बी.एस.एफ.सारखी इन्हिबिटर रसायनं सुटी तोलताना हातमोजे, मास्क आणि फ्यूम हूड लागतं. नवशिक्या विद्यार्थ्यांच्या हातात ती द्यायला नकोत, एवढ्यासाठी तरी गोळीला माझे पूर्ण गुण.

गोळीत काय असतं ते समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं होतं. प्रथिनं कापणारी एन्झाइम वेगवेगळ्या पद्धतीनं कापतात. काहींच्या केंद्रस्थानी सेरीन असतं, काहींच्या सिस्टीन, काहींच्या अ‍ॅस्पार्टिक आम्ल, आणि काही एन्झाइम धातूचा अणू धरून बसलेली असतात, बहुतेक वेळा जस्ताचा. सेरीनवाल्यांसाठी ए.ई.बी.एस.एफ. आणि गाईच्या फुप्फुसातून मिळणारं अ‍ॅप्रोटिनिन, सिस्टीनवाल्यांसाठी ई-६४, या दोन्ही गटांतल्या बऱ्याच एन्झाइमांना रोखणारं ल्युपेप्टिन, अ‍ॅस्पार्टिकसाठी पेप्स्टॅटिन, आणि साखळीच्या टोकाकडून एकेक अमिनो आम्ल तोडणाऱ्यांसाठी बेस्टॅटिन. हे सगळे घटक प्रत्येक गोळीत असतातच असं नाही. धातूवाल्यांसाठी सहसा एकच घटक असतो, ईडीटीए. तो एन्झाइमकडचा धातू काढून घेतो.

आता 'ईडीटीए-फ्री' गोळ्या इतक्या का खपतात? कारण हिस-टॅग (निकेलला चिकटणारी छोटी शेपटी) लावलेली प्रथिनं निकेलच्या स्तंभावर शुद्ध करतात आणि ईडीटीए स्तंभावरचं निकेलच ओढून घेतं. प्रथिनं बनवणाऱ्या प्रयोगशाळा त्यामुळे हाच प्रकार मागवतात. आपल्याकडे महाविद्यालयात बेडकावर काम करणारी मुलं शेजारच्या अशाच प्रयोगशाळेतून दोन गोळ्या उसन्या आणतात, आणि शीतकपाटात असतो तो नेमका हा प्रकार. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'व्यापक संरक्षण' लिहिलेलं, ईडीटीए नसल्याचा उल्लेख कोपऱ्यात बारीक. माझी उत्पादकाबद्दलची पहिली तक्रार हीच आहे. धातूवाल्या एन्झाइमांवर ही गोळी चालत नाही हे डब्याच्या दर्शनी बाजूला छापायला हवं. दुसरी तक्रार अशी की माहितीपत्रकात घटकांची नावं आहेत पण प्रमाण नाही. ज्याला प्रयोगाचा अर्थ लावायचा आहे त्याला प्रमाण कळलंच पाहिजे.

बेडकाच्या बाबतीत हा फरक इतका महत्त्वाचा का, त्यासाठी त्याच्या कातडीत शिरावं लागेल.

झेनोपसच्या पाठीवर कणयुक्त ग्रंथी असतात. प्रत्येकीभोवती स्नायूसारख्या पेशींचं वेष्टन असतं. बेडूक घाबरला किंवा त्याच्या पाठीवरच्या लसिकाकोशात नॉरअ‍ॅड्रेनॅलिन टोचलं, की ते वेष्टन आवळतं आणि काही मिनिटांत पाठ दुधासारख्या पांढऱ्या, चिकट द्रवानं भरून येते. या ग्रंथी नुसती साठवलेली पेप्टाइड बाहेर सोडत नाहीत, पेशीच्या आतला मालमसालाही त्यासोबत बाहेर पडतो. म्हणजे पेप्टाइड आणि त्यांना कापणारी एन्झाइम एकाच थेंबात येतात. हा द्रव शत्रूवर चालतो हे नक्की. झेनोपस तोंडात धरलेल्या सापाचा जबडा आपोआप हलू लागतो, आ वासला जातो आणि बेडूक निसटतो, हे १९८०च्या दशकात प्रयोगांनी दाखवलेलं आहे.

या द्रवातलं सर्वांत प्रसिद्ध पेप्टाइड म्हणजे मॅगेनिन. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मायकेल झासलॉफ झेनोपसची अंडी काढून टाके घालत आणि बेडकांना पुन्हा टाकीत सोडत. टाकीतलं पाणी जंतूंनी भरलेलं, तरी जखमा चिघळत नव्हत्या. कारण शोधताना त्यांना कातडीत २३ अमिनो आम्लांची दोन पेप्टाइड सापडली, आणि १९८७ साली ते काम प्रसिद्ध झालं. जिवाणूंच्या पटलाला भोकं पाडणारी ही पेप्टाइड कातडीत सुटी तयार होत नाहीत. आधी एक लांब साखळी बनते, तिच्यात मॅगेनिन १ ची एक आणि मॅगेनिन २ च्या पाच प्रती ओवलेल्या असतात. एन्झाइमांनी नेमक्या जागी कापल्यावर त्या सुट्या होतात. म्हणजे कापणारी एन्झाइम नसती तर हे औषध बेडकाला मिळालंच नसतं.

आणि तीच कातडी पुढे हे औषध मोडूनही टाकते. १९९१ साली झासलॉफ यांच्याच गटानं झेनोपसच्या कातडीतलं एक एन्झाइम वेगळं केलं. ते मॅगेनिनचे मधोमध दोन तुकडे करतं आणि ते तुकडे जिवाणूंवर चालत नाहीत. गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे हे एन्झाइम फक्त अमिनो आम्लांचा क्रम बघत नाही, पेप्टाइडनं अल्फा सर्पिलाचा (स्प्रिंगसारखा) आकार घेतलाय का तेही ओळखतं. पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या गटानं त्याच स्रावातून पेप्टाइड हार्मोन निकामी करणारं सुमारे १०० किलोडाल्टनचं एन्झाइम दाखवलं. ही दोन्ही धातूवाल्या गटातली आहेत. आता परत गोळीकडे या: ए.ई.बी.एस.एफ., ल्युपेप्टिन, ई-६४, पेप्स्टॅटिन, यांतलं काहीही या एन्झाइमांना हात लावत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या हिरव्या वृक्षमंडूकाचीही गोष्ट अशीच आहे. अ‍ॅडलेडच्या विद्यापीठात जॉन बोवी आणि मायकेल टायलर यांच्या गटाला दिसलं की त्याच्या स्रावातल्या केरिन १.१ या पेप्टाइडची सुरुवातीची दोनच अमिनो आम्लं एक एन्झाइम तोडून टाकतं, आणि तेवढ्यानं त्याची जिवाणू मारण्याची ताकद जाते. बेडकाच्या दृष्टीनं यात मोठं शहाणपण आहे. पटलाला भोकं पाडणारा पदार्थ कामापुरता बाहेर काढायचा आणि स्वतःला इजा व्हायच्या आत मोडून टाकायचा. आपण मात्र नेमक्या त्याच वेळेला बीकर घेऊन उभे असतो.

आमची चाचणी साधी होती. एका बेडकाचा स्राव थंड पाण्यात घेतला आणि त्याचे भाग केले. प्रत्येकात बाहेरून विकत आणलेलं कृत्रिम मॅगेनिन २ ठरावीक प्रमाणात घातलं. एका भागात काहीच नाही, एकात ईडीटीए-फ्री गोळी, एकात ईडीटीए असलेली गोळी, एकात थेट आम्ल आणि मिथेनॉल. शिवाय उकळून थंड केलेल्या स्रावाचा एक भाग, म्हणजे एन्झाइम मेल्यावर काय दिसतं ते कळावं. मग ठरावीक वेळानं थोडा थोडा नमुना काढून एच.पी.एल.सी.वर (मिश्रणातले रेणू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मॅगेनिनचा पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, किती उरलाय ते पाहिलं.

काही न घातलेल्या भागात पीक झपाट्यानं खाली आला आणि तुकड्यांचे नवे पीक वर आले. ईडीटीए-फ्री गोळीच्या भागाचा आलेख त्याच्या इतका जवळ होता की दोन्ही एकमेकांवर ठेवले तर वेगळे ओळखता येईनात. ईडीटीए असलेल्या गोळीत सुरुवातीला थोडी घट झाली आणि मग पीक स्थिरावला. ते समजण्यासारखं आहे, घट्ट धरलेलं जस्त सुटायला ईडीटीएला वेळ लागतो. आम्ल-मिथेनॉलचा भाग आणि उकळलेला भाग शेवटपर्यंत हलले नाहीत.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. बरेचजण फक्त जिलेटिन झायमोग्राम करतात: जेलमध्ये जिलेटिन घालायचं, स्रावाचा रन लावायचा, एन्झाइमला काम करू द्यायचं, आणि निळ्या रंगानंतर जिथे पांढरा पट्टा दिसेल तिथे एन्झाइम आहे असं समजायचं. चाचणी उत्तम आहे, स्वस्त आहे, प्रत्येक एम.एस्सी.च्या मुलानं करावी. पण जिलेटिन कापणारं एन्झाइम मॅगेनिन कापेलच असं नाही, आणि मॅगेनिन कापणारं जिलेटिनवर दिसेलच असंही नाही. गोळी घातल्यावर झायमोग्रामवरचे पट्टे गेले म्हणून पेप्टाइड वाचली असा निष्कर्ष काढू नका. ज्या पेप्टाइडला वाचवायचंय तेच आत घालून पाहा.

मास स्पेक्ट्रोमेट्रीचा प्रश्न वेगळा आहे. तिथे ईडीटीए असलेली गोळीही मी घालू देत नाही. गोळीतले घटक स्वतःच स्पेक्ट्रममध्ये आपापल्या वजनावर दिसतात: ल्युपेप्टिनचा पीक ४२७ च्या आसपास, पेप्स्टॅटिनचा ६८६ वर, अ‍ॅप्रोटिनिन साडेसहा हजारांच्या घरात. हे निदान ओळखता येतात, कारण ते कुठे येणार ते आधीच ठाऊक असतं. खरा धोका ए.ई.बी.एस.एफ.चा. ते फक्त एन्झाइमलाच चिकटतं असं नाही, जास्त प्रमाणात आणि अल्कधर्मी द्रावणात लायसिन-टायरोसिनलाही चिकटतं, आणि रेणूचं वजन १८३ नं वाढतं. मॅगेनिन २ मध्ये तर चार लायसिन आहेत. २४६६ ऐवजी २६४९ वर पीक दिसतो आणि विद्यार्थी आनंदानं धावत येतो की नवीन पेप्टाइड सापडलं. त्या मुलाचा चेहरा पडताना बघवत नाही. म्हणून या गोळ्यांच्या माहितीपत्रकात १८३ चा आकडा ठळक छापावा असं माझं म्हणणं आहे.

मग काय करायचं? पेप्टाइड हवी असतील तर अ‍ॅडलेडचीच पद्धत धरा. स्राव पाण्यात धुऊन घेतला की लगेच तेवढंच मिथेनॉल घालायचं, सेंट्रिफ्यूज करून वरचा निवळ द्रव घ्यायचा आणि लायोफिलायझरवर (गोठवून सुकवणाऱ्या यंत्रावर) सुकवायचा. आम्ही त्यात ट्रायफ्लुओरोअ‍ॅसेटिक आम्लही घालतो, शेवटचं प्रमाण ०.१ टक्का. बहुतेक एन्झाइम तिथेच गप्प होतात, पेप्टाइड विरघळलेली राहतात, आणि स्पेक्ट्रममध्ये परका पीक येत नाही. खर्च गोळीच्या मानानं नगण्य.

पण एन्झाइमचाच अभ्यास करायचा असेल तर आम्ल-मिथेनॉल चालणार नाही, ते बहुतेक सगळ्यांनाच मारतं. तिथे गोळीचाही उपयोग नाही, कारण ती पाच-सहा इन्हिबिटर एकत्र घालते आणि कोणामुळे काय थांबलं ते कळत नाही. तिथे इन्हिबिटर सुटे विकत घ्या: धातूवाल्यांसाठी ईडीटीए, १,१०-फिनॅन्थ्रोलिन आणि फॉस्फोरॅमिडॉन, शिवाय ए.ई.बी.एस.एफ., ई-६४. एकेक घालून पाहिलं की एन्झाइम कोणत्या गटातलं आहे ते कळतं. सेरीनवाल्यांना रोखणारं पी.एम.एस.एफ. स्वस्त म्हणून सर्रास वापरतात, पण ते पाण्यात टिकत नाही. पी.एच. ७ आणि २५ अंशांना दोनेक तासांत निम्मं होतं, पी.एच. ८ ला तर अर्ध्या-पाऊण तासात. शिवाय धातूवाल्यांवर त्याचा काही परिणाम नाही.

गोळी कुठे उत्तम आहे तेही सांगायला हवं. कातडीचा तुकडा वाटून वेस्टर्न ब्लॉट (प्रतिपिंडानं ठरावीक प्रथिन शोधण्याची चाचणी) करायचा असेल, ग्रंथीतल्या मोठ्या प्रथिनांचं शुद्धीकरण करायचं असेल, तर ईडीटीए असलेली गोळी बिनधास्त वापरा. त्या कामात तिनं आम्हाला कधी दगा दिलेला नाही. उंदराच्या यकृतावर, पेशींच्या लायसेटवर (फोडलेल्या पेशींच्या द्रवावर), सगळीकडे बँड स्वच्छ येतात. गोळी बनवली आहे ती अशाच कामासाठी.

आता एक सूचना, जिच्याबाबत मी कोणाचंही ऐकून घेत नाही. बेडूक बीकरमध्ये असताना त्या पाण्यात इन्हिबिटर, आम्ल, मिथेनॉल यांतलं काहीही घालायचं नाही. त्याची कातडी हे त्याचं श्वास घेण्याचं आणि पाणी शोषण्याचं साधन आहे. बर्फात गार केलेल्या रिकाम्या भांड्यात पंचवीसपट द्रावण किंवा मिथेनॉल मोजून आधीच तयार ठेवा. बेडूक थोडा वेळ स्वच्छ पाण्यात बसू दे, त्याला उचलून टाकीत सोडा, आणि लगेच ते पाणी तयार भांड्यात ओता. बेडूक पाण्यात असतानाचे ते काही क्षण एन्झाइमला मिळतातच, ते कुठलीही गोळी परत आणू शकत नाही. म्हणून वेळ कमी ठेवा. एकदा रिकाम्या झालेल्या ग्रंथी पुन्हा भरायला दोन-तीन आठवडे लागतात, तेवढी विश्रांती त्या बेडकाला द्याच. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी हवीच. रानातल्या बेडकांवर काम असेल तर वनखात्याची परवानगी हातात आल्याशिवाय घाटात पाऊल टाकू नका.

रानातल्या बेडकांचा उल्लेख अशासाठी की सह्याद्रीतल्या बेडकांबद्दल आपल्या मुलांना आता फार उत्सुकता आहे, आणि ती रास्त आहे. २०१७ साली तिरुवनंतपुरमच्या राजीव गांधी जैवतंत्रज्ञान केंद्राच्या आणि अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या संशोधकांनी हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा या बेडकाच्या स्रावातून उरुमिन नावाचं २७ अमिनो आम्लांचं पेप्टाइड दाखवलं. ते एच१ गटातल्या फ्लूच्या विषाणूंना नष्ट करतं. या बेडकाला वेगळी जाती म्हणून ओळख मिळाली तीच मुळी दोन वर्षं आधी, २०१५ मध्ये, आणि ती देणाऱ्यांत आपले पुण्याचे आनंद पाध्ये आणि नीलेश डहाणूकर होते. आपल्या डबक्यांत अजून किती पेप्टाइड असतील! पण त्यांच्यासोबत कुठली एन्झाइम येतात ते प्रत्येक जातीसाठी नव्यानं तपासावं लागेल. झेनोपसवर चाललेली युक्ती आंबोलीच्या बेडकावर चालेलच असं धरून चालू नका. नमुन्याचा छोटा भाग घ्या, वर सांगितलेली चाचणी आधी लावा, मग ठरवा.

खरेदीबद्दल थोडं. माल मुंबईच्या वितरकाकडून थर्माकोलच्या खोक्यात जेल आइस पॅकसह येतो. आमच्याकडे एकदा आइस पॅक पूर्ण वितळून कोमट झालेलं खोकं आलं. वितरकानं कुरकुर न करता बदलून दिलं, पण त्यासाठी खोकं उघडतानाचा फोटो आणि आतलं तापमान लिहिलेलं असावं लागलं. तुम्हीही ते करत जा. डिलिव्हरी शुक्रवारी मागवू नका, शनिवार-रविवार खोकं गेटवर पडून राहतं. किंमत एका महाविद्यालयीन प्रयोगशाळेला जड आहे. दोन-तीन गटांनी मिळून एक डबा घेतला तर परवडतं, फक्त इंडेंटवर (खरेदीच्या मागणीपत्रावर) 'ईडीटीएसह' असं स्पष्ट लिहा आणि कॅटलॉग क्रमांक दोनदा तपासा, दोन्ही प्रकारांच्या क्रमांकांत फरक अगदी थोडा असतो.

माझे गुण: ऊती आणि लायसेटसाठी ईडीटीए असलेल्या गोळीला पाचपैकी साडेचार. बेडकाच्या स्रावातून पेप्टाइड जपण्यासाठी तिलाच तीन. त्याच कामासाठी ईडीटीए-फ्री प्रकाराला एक, तोही ती विरघळते छान म्हणून.

आणि गोळी अर्धी मोडून वापरली तर चालेल का, हेही नेहमी विचारतात. मोडू नका. दोन तुकडे कधी सारखे होत नाहीत आणि मोडताना उडालेली भुकटी नाकात जाते. पूर्ण गोळीचं पंचवीसपट द्रावण करा, छोट्या एप्पेनडॉर्फ नळ्यांत भरा, तारीख घाला आणि उणे वीसला ठेवा. एकदा वितळवलेली नळी पुन्हा गोठवायची नाही.